साडूच्या इंडिया गेटपायी दिल्ली

माणसं दिल्लीला नोकरीसाठी जातात, मोर्चाला जातात, वैष्णोदेवीच्या वाटेवर एक दिवस उतरून येतात. मी गेलो जळून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना तुम्हाला कोड्यात पडायला नको.

मी किन्हवलीचा मांडववाला. शहापूर आणि मुरबाड तालुक्यात लग्न असो, हळद असो, बारसं असो, मांडव, स्टेज आणि दारातली कमान आम्ही घालतो. हा ब्लॉग माझ्या मुलीनं, प्राजक्तानं, कामाचे फोटो टाकायला उघडून दिला होता. फोटो पडले बाजूला आणि मीच लिहायला लागलो.

धसईला माझा साडू राहतो, गुरुनाथ. माझी बायको लता, तिची धाकटी बहीण त्याला दिलेली. बांबूला बांबू कसा जखडायचा, कापडाच्या चुण्या कशा पाडायच्या, पाऊस आला तर पाणी कुठून काढायचं, सगळं माझ्याकडे शिकला. चार वर्षं माझ्या हाताखाली होता. आता त्याची स्वतःची सामानाची शेड आहे आणि टोकावड्यापासून म्हसापर्यंत लोक म्हणतात, कमान घालावी तर गुरुनाथनं. मागे तो गावच्या ग्रुपबरोबर वैष्णोदेवीला गेला, वाटेत दिल्लीत थांबला, इंडिया गेटसमोर फोटो काढला आणि तो व्हॉट्सॲपला लावून ठेवला. तेव्हापासून त्याचं इंडिया गेट 'ओरिजनल' झालं. माझंही इंडिया गेट होतं. वहीच्या पुठ्ठ्यावरचं चित्र बघून वीस वर्षं मी ते उभं करत होतो. त्याला एकाएकी कुणी विचारेना.

तरी इथपर्यंत मी गप्प होतो. प्राजक्ताचं लग्न वैशाखरे गावातल्या मुलाशी ठरलं, माघातली तारीख निघाली. सुपारी फुटली त्या दिवशी भर माणसांत गुरुनाथ उठला आणि म्हणाला, "दादा, पोरीच्या लग्नाची कमान माझ्याकडनं. आहेर समज. पैशे-बिशे काय नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मेव्हणीनं पदराला डोळे पुसले. आणि माझी मुलगी, जिला मी खांद्यावर बसवून मांडवाच्या झालरी लावायला शिकवलं, ती म्हणाली, "काकांचं इंडिया गेट? भारीच."

आहेराला नाही म्हणता येत नाही. चाळीस गावांत कमानी घालणारा बाप, आणि त्याच्या पोरीच्या लग्नात दारात कमान कुणाची, तर साडूची. येणारा प्रत्येक पाहुणा त्या कमानीखालून येणार, मान वर करणार आणि मला विचारणार, "ही तुमची ना?" मी काय सांगणार होतो?

म्हणून ठरवलं. कमान त्याची, तर आतला मांडव माझा. अख्खा लाल किल्ला उभा करायचा, कमान कुणाच्या लक्षातही राहू नये असा. पण या वेळी चित्र बघून नाही, प्रत्यक्ष बघून. पौषात लग्नं नसतात, आम्ही मांडववाले हातावर हात धरून बसतो, तेव्हाच जायचं. लता म्हणाली, "मी पन येतंय. तुमी एकटे गेलात तर तिकडं कुनाशी तरी भांडून याल."

किन्हवलीहून शहापूरची एसटी, शहापूरहून रिक्षानं आसनगाव, तिथून कल्याण आणि कल्याणहून दिल्लीची मेल. स्लीपरचं तिकीट माणशी सहाशे-साडेसहाशेच्या आसपास. तिकीट दोन महिने आधी काढा आणि डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर गाडी वेळेवर पोचेल ही आशा घरी ठेवून निघा. धुक्यात आमची गाडी मथुरेच्या पुढं अशी रांगत होती की मला उतरून ढकलावीशी वाटली. लतानं तांदळाच्या भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी घेतली होती. डबा उघडल्यावर समोरचे ग्वाल्हेरचे गृहस्थ वरच्या बर्थवर गेले ते उतरलेच नाहीत. आम्हाला पाय पसरायला जागा झाली.

पाच तास उशिरा पोचलो. स्टेशनजवळच्या गल्लीत बाराशे रुपयांत खोली मिळाली, गरम पाण्याची बादली वेगळी मागावी लागते. थंडीचं विचारू नका. माळशेजच्या पायथ्याची थंडी आम्ही खाल्लेली आहे, पण ही हाडात शिरून मुक्काम करते. दोघांना जाड रजई मागून घ्या, ते आपण होऊन देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलू पराठे खाऊन थेट लाल किल्ला. दार बंद. सोमवारी लाल किल्ला बंद असतो, हे मला सोडून बहुधा सगळ्या जगाला माहीत होतं. लता काही बोलली नाही, पण तिची न बोलण्याची एक पद्धत आहे, ती मला तीस वर्षं ऐकू येते. तिथून मेट्रोनं कुतुबमिनार गाठला. मेट्रो स्वस्त आहे, स्वच्छ आहे, स्टेशनवरून पुढं शेअर रिक्षा मिळते.

कुतुबमिनार मी एकदाच घातला होता, सरळगावच्या एका वाढदिवसाला, पंचवीस फुटी, फायबरच्या पत्र्याचा. वाऱ्यानं तो रात्रीत वाकला आणि सकाळी यजमानांनी मला फोटो पाठवला. आता खरा बघितला. मान मोडेपर्यंत वर बघत राहिलो. आठशे वर्षं उभा आहे. मला त्या बांधणाऱ्यांचा इतका हेवा वाटला की जवळच्या दगडावर बसावं लागलं. आमचं काम कितीही चांगलं झालं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायचं. वरात गेली की टेम्पो लावायचा. माझ्या आयुष्यातलं एकही काम आज कुठंच उभं नाही. शेजारी तो लोखंडाचा खांब आहे, इतकी शतकं न गंजलेला. आमचा खिळा एक श्रावण काढत नाही.

लता म्हणाली, "बगा, खांबाला कुंपन घातलंय. लोकांनी हात लावून लावून झिजवला असंल. तुमच्या मांडवाला कोन हात तरी लावतंय का?"

तिला चिडवायचं होतं की धीर द्यायचा होता, ते मला कळलं नाही.

मंगळवारी लाल किल्ला उघडा होता. तिकीट मोबाईलवर काढलं तर थोडं स्वस्त पडतं आणि रांग टळते. मी त्याचं चित्र पाचशेच्या नोटेवर बघून पाठ केलं होतं. नोटेवर नुसती पुढची बाजू आहे, आणि माझ्या डोक्यातही तेवढीच होती. दरवाजातून आत गेलो तर समोर आणखी एक अख्खं गावच निघालं. आधी छत घातलेला बाजार, मग वाजंत्री बसायची इमारत, मग दरबार, मग बागा. आमचं सगळं काम पुढच्या बाजूचं. मागं काय असतं? बांबूचे टेके, वाळूच्या गोणी आणि आचाऱ्याचे टोप.

दरबाराच्या लाल खांबांच्या दालनात एक गाइड दिल्लीच्याच एका कुटुंबाला माहिती देत होता. आम्ही फुकट ऐकत मागं उभे राहिलो. तो म्हणाला, "ये ऊपर कड़ियाँ देखिए। इनसे शामियाने बाँधे जाते थे।"

शामियाने म्हणजे मांडव. बादशहालासुद्धा मांडव लागत होता. दगडाचा एवढा पसारा करून शेवटी कापड बांधायला माणूस बोलवायचाच. मी त्या कड्यांचे सतरा फोटो काढले. लता म्हणाली, किल्ला बघायला आलात की कड्या? पण माझ्या डोळ्यांसमोर तो बादशहाचा मांडववाला उभा राहिला होता. त्याला नक्कीच एक साडू असणार.

तिथून बाहेर पडून चांदणी चौकात जिलेबी खाल्ली. गरम, जाड, तुपातली. तिचा हेवा करण्यात अर्थ नाही, ती आपल्याकडे होणार नाही.

बुधवारी इंडिया गेट. याच्यासाठी तर एवढी पायपीट. तिकीट नाही, पण सव्वीस जानेवारीची तयारी चालू असल्यानं रस्त्याला कठडे होते आणि आम्हाला बराच वळसा पडला. दोन्ही बाजूंना लोखंडी पाइप, जाड फळ्या आणि खुर्च्यांचे ढीग पडले होते. माणसं बैठका उभारत होती. म्हणजे राजधानीतही आमचीच जात. एकाला मी विचारलं, किती दिवस राहतं हे? तो म्हणाला, "परेड हो गई, फिर खोलना शुरू।" मी त्याच्याकडे बघून हसलो. तोही हसला, का ते ठाऊक नाही.

गेट जवळ आलं तसा मी लताला म्हणालो, "चल, आधी मागून बघू."

"मागनं कशाला?"

"टेका कुठं दिलाय ते कळतं."

आम्ही वळसा घालून मागं गेलो. मागं तेच गेट. तसंच, तेवढंच, तीच नक्षी, माथ्यावर तीच अक्षरं. वीस वर्षं मी या गेटला पाठ नाही असं धरून चाललो होतो, गुरुनाथही तेच करतो. आणि भोक? आम्ही भोक नवरदेवाच्या गाडीच्या मापानं ठेवतो. इथं लताला बाजूला उभी करून फोटो काढला तर ती मुंगीएवढी दिसली. गुरुनाथचं 'ओरिजनल' म्हणजे याचा नातूही नव्हतं. मला फार बरं वाटलं.

लता मोबाईल वर धरून भिंत मोठी करून बघत होती. तिचं इंग्रजी सातवीपर्यंतचं, पण अक्षर लावते. म्हणाली, "अवो, ही तर नावं हायेत. भिंतभर नावं."

मी बघितलं. खरंच, ज्याला मी इतकी वर्षं नक्षी समजून खडूनं रेघा ओढत होतो, ती नावं होती. एकाखाली एक, वरपर्यंत. कठड्यापाशी एक जवान उभा होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, "शहीदों के नाम हैं जी। लड़ाई में जो गए। तेरह हज़ार से ऊपर।"

"और इसके नीचे से?" लतानं विचारलं.

"नीचे से कोई नहीं निकलता, माताजी।"

लतानं पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले. मग माझ्याकडे वळली. तिचा चेहरा उतरला होता. "गेलेल्या मानसांचं गेट हाय ह्ये. आनि तुमी दोघं त्याच्याखालनं नवऱ्या मुली नेताय? माझ्या प्राजूला न्यायची याच्याखालनं?"

बाई घाबरली होती, आणि मला सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात लाडू फुटले. मी लाल किल्ला विसरलो. लाल किल्ल्याची गरजच उरली नव्हती. गुरुनाथची कमान आता भर पाहुण्यांत पाडता येत होती, तीही एका वाक्यात. मीसुद्धा तेच गेट तीसेक लग्नांत घातलं होतं, त्यातल्या कुणी मला जाब विचारला तर काय, हा विचार आला. पण तो मी पुढच्या स्टेशनवर उतरवून दिला.

परतीच्या गाडीत मी ते वाक्य घडवत बसलो. कधी प्रेमानं, कधी चिंतेच्या सुरात, कधी सगळ्यांसमोर, कधी एकट्यात बोलावून. सगळ्यांसमोरचं जास्त छान वाटत होतं. खिडकीतून उत्तरेची मोहरीची पिवळी शेतं जात होती. जाणार असाल तर ती दिवसाउजेडी जरूर बघा. मी नीट बघितली नाहीत.

घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लताला मागं बसवून बाइकवर निघालो. किन्हवली ते सरळगाव, तिथून धसई. गुरुनाथच्या शेडपुढच्या खळ्यावर कमान आडवी पडली होती, दोन्ही खांब वेगळे, त्यांवर ताडपत्री. बाजारचा दिवस होता, चार ओळखीची माणसं शेडपाशी चहा घेत बसली होती. मेव्हणीनं आम्हालाही चहा दिला. माणसं होती, चहा होता, आणखी काय हवं होतं? कप खाली ठेवून मी म्हणालो, "गुरुनाथ, ते लग्नाचं गेट नाय. मेलेल्यांचं हाय. त्याच्यावं समदी मेलेल्यांची नावं हायेत. तू दिल्ली बगितलीस म्हनतोस, तुला दिसलं नाय?"

चहा पिणारे थांबले.

गुरुनाथ म्हणाला, "म्हाईत हाय, दादा. वाचली होती मी."

"आनि तरी?"

"तुला दाखवनारच होतो. हळदीच्या दिवशी दाखवीन म्हनलं होतं." त्यानं ताडपत्री ओढली. "हळदीला धवलारीण येती ना? गाण्यात ती देवांना बोलावती, आनि घरातल्या गेलेल्या मानसांनाबी नाव घेऊन लग्नाला बोलावती. मंग मी म्हनलं, दिल्लीवाल्यांनी गेटावं नावं लिवलीत तशी आपन आपल्यांची लिवू. प्राजू आत येताना सगळी दारात उभी."

खांब मागून-पुढून सारखाच होता. त्याला पाठ केली होती. प्लायवर हातानं, सोनेरी रंगात, बारीक अक्षरांत नावं होती. माझे वडील, ज्यांनी आमच्या घरात पहिला मांडव घातला. माझी आई. आमचे सासरे. लताचा भाऊ, जो भातसा नदीत बुडाला. गावातले जुने, ज्यांची नावं मलाही आठवावी लागली असती. काम माझ्यापेक्षा चांगलं होतं. हे मी लिहितोय, कारण ते खरं आहे.

लता खाली बसून एकेका नावावरून बोट फिरवत होती. खांबाच्या तळाशी तिचं बोट थांबलं. मी वाकून बघितलं. तिथं लिहिलं होतं, रोशन.

प्राजक्ताच्या आधी आम्हाला मुलगा झाला होता. बारसं झालं, नाव ठेवलं आणि पंधरा दिवसांनी तापात गेला. अठ्ठावीस वर्षं झाली. ते नाव आमच्या घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही. लता घेत नव्हती म्हणून मी घेत नव्हतो. मी घेत नव्हतो म्हणून ती घेत नसावी. प्राजक्ताला ते नाव माहीतही नाही.

गुरुनाथ हळू आवाजात म्हणाला, "पाळन्याची दोरी मीच बांधली होती, ताई, तुमच्याकडं कामाला होतो तवा. नको असंल तर पुसतो."

"नको पुसू," लता म्हणाली.

येताना सरळगाव मागं पडलं. मग लतानं मागून माझ्या पाठीला डोकं टेकवलं आणि रडली. मी बाइक बाजूला घेतली आणि तिचं रडून होईपर्यंत थांबलो. मीही रडलो, पण हेल्मेट होतं.

लोक विचारतात, दिल्लीला जाऊन काय मिळालं, जाण्यासारखं आहे का? जा. तीन दिवस पुरतात, सोमवार टाळा, स्वेटर दोन घ्या. दोघांचा जाऊन येऊन खर्च दहा-बारा हजारांत बसतो. कुतुबमिनार बांधणाऱ्यांचा हेवा आता मला वाटत नाही. गुरुनाथचा वाटतो, आणि पूर्वीपेक्षा जास्त वाटतो. पूर्वी तो माझ्यापेक्षा चांगली कमान घालतो म्हणून वाटायचा. आता वाटतो तो वेगळ्या कारणानं. बाप मी होतो, आणि नाव त्यानं सांभाळलं. मी या गोष्टीवरून त्याला माफ करीन असं मला वाटत नाही. माफी मागावी असं काही त्यानं केलेलंही नाही, हे आणखी अवघड.

लाल किल्ला मी घातला नाही. आत साधा मांडव घातला, हिरवे डहाळे आणि पांढरं कापड. हळदीच्या दिवशी गुरुनाथनं कमान उभी केली. पाहुणे वर बघत, नावं वाचत आत येत होते, आणि मला विचारत होते, "ही तुमची ना?" मी सांगत होतो, साडूची.

प्राजक्ताला पाटावर बसवलं. धवलारीण म्हातारी, पण आवाज खणखणीत. तिनं गावदेवीला बोलावलं, कुलदैवताला बोलावलं, मग माझ्या आईवडलांना, सासऱ्यांना, मेव्हण्याला. शेवटी रिवाजाप्रमाणं थांबून तिनं विचारलं, "आनखी कोन ऱ्हायलंय का रे, सांगा."

गुरुनाथ खांबाला टेकून उभा होता. त्यानं मान वर केली. लतानं माझ्याकडे बघितलं. आणि गुरुनाथचं तोंड उघडायच्या आत मी मोठ्यानं सांगितलं, "रोशन. प्राजूचा मोठा भाऊ."